दोन्ही पालक समक्ष

१

तक्रारपेटी उघडायचं काम उंबरठाबाईंकडे होतं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. शनिवारी दुपारी कार्यालय रिकामं झालं की त्या किल्ली घेऊन जिन्याखाली जायच्या आणि पेटीत जे काय असेल ते टेबलावर ओतायच्या. बहुतेक वेळा पंखा बंद असल्याची तक्रार, कारकून खेकसतो अशी तक्रार, नाहीतर एखाद्या महाभागानं टाकलेला चॉकलेटचा कागद. त्या शनिवारी एक चारघडी कागद निघाला. बाईंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"सदर प्रकरणी परदेशस्थ पालक (आई) या परदेशात नसून याच घरी राहतात. त्यांच्या चपला दारात असतात. त्यांचे कपडे दोरीवर वाळत असतात. त्यांचा आवाज घरातून येतो. सबब कलम नऊप्रमाणे दोन्ही पालकांना समक्ष बोलावून खात्री करावी."

खाली सही नाही, तारीख नाही. वर प्रकरण क्रमांक मात्र अचूक. अक्षर मुद्दाम सुटं सुटं काढलेलं, एकाला दुसरं चिकटू न देता.

बाईंचं खरं पद होतं गृहपडताळणी अधिकारी. पण बत्तीस वर्षं लोकांच्या उंबरठ्यावर उभं राहून "आत येऊ का?" विचारण्यात गेली, म्हणून कुणीतरी उंबरठाबाई म्हटलं आणि तेच चिकटलं. कुटुंब-साहाय्य कार्यालय मुलांच्या पालनपोषणाला मदत देतं. आईबापांतलं एक परदेशात कामाला असेल तर एक वाटा तिथलं सरकार देतं आणि उरलेला हे कार्यालय. अट एवढीच की जाणारा खरंच तिथं असावा आणि मूल खरंच इथं असावं. आई गुपचूप परत आली असेल, तर दोन्हीकडचं बंद आणि घेतलेलं सगळं परत.

सोमवारी साहेबांनी पत्र वाचलं आणि फाइलवर 'स्थगित' असा शिक्का हाणला.

"साहेब, अजून मी घर पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"आधी थांबवायचं, मग बघायचं. तसा नियम आहे. तिकडच्या सरकारलाही आजच कळवा, त्यांचाही वाटा थांबेल."

"म्हणजे आधी फाशी, मग चौकशी."

"बाई, निवृत्तीला आठ महिने राहिलेत. आता तरी तोंड आवरा. शुक्रवारपर्यंत अहवाल द्या, नाहीतर प्रकरण वसुलीकडे जाईल."

बाईंनी फाइल उघडली. आई एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, त्याला चार वर्षं झाली. बाप वेल्डर. मुलगी एकच, सहावीत. दर वर्षीचा अर्ज इतका नेटका भरलेला, की एक खाडाखोड नाही, एक चौकट रिकामी नाही. आमचे कारकून असं लिहायला लागले तर मी पेढे वाटीन, असं बाई मनाशी म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी तीनला त्या गल्लीत पोहोचल्या. घर बैठं, दोन खोल्यांचं. दारात बायकी चपलांचा जोड होता. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणलेल्या दोरीवर एक फुलाफुलांचा झगा टपटप गळत होता. आणि आतून एका बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"आलीस का गं? हात धुतलेस का आधी?"

बाईंनी कडी वाजवली. आवाज तिथंच तुटला.

२

दार उघडलं ते पोरीनं. किडकिडीत, शाळेच्या कपड्यांतच, केसांच्या दोन वेण्या स्वतःच घातलेल्या. एक वर, एक खाली.

"आई आहे का घरात?"

"नाही."

"मग आता बोलत कोण होतं?"

पोरीनं मागं वळून खाटेकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, "आत येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता आत शिरल्या. एक खोली, मग दुसरी. दोन खाटा, एक मोठी, एक छोटी. छोटीच्या उशीपाशी एक जुना फोन चार्जिंगला लावलेला. मोरीत कुणी नाही, कपाटात उभं राहायला जागा नाही, मागं दार नाही आणि खिडकीला गज. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धडधाकट बाईमाणूस वाफ होऊन उडून गेलं की काय?

"चपला कुणाच्या?"

"आईच्या."

"आणि झगा?"

"आईचा."

"म्हणजे आई आलीये?"

पोरीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "ते तुम्ही मोठ्या माणसांना बोलावून विचारा," ती म्हणाली.

बत्तीस वर्षांत बाईंनी नाना तऱ्हेची पोरं पाहिली होती. घाबरून रडणारी, पढवलेलं घडाघडा म्हणून दाखवणारी. ही दोन्हींतली नव्हती. विचारलं तेवढंच, तेही मोजून. बाईंना वाटलं, पोरीला कुणीतरी गप्प बसवलंय. आणि ज्यानं बसवलंय त्याचा त्यांना मनापासून राग आला.

समोरच शिंप्याचं दुकान. शिंपीकाकांचं आणि वेल्डरचं गटारावरून वाजलेलं, हे काकांनी स्वतःच पहिल्या वाक्यात सांगून टाकलं.

"माझं त्याच्याशी बोलणं नाही. पण खोटं बोलणार नाही. चपला मी बघतो. महिना झाला असेल. सकाळी दुकान उघडतो तेव्हा नसतात. दोन-अडीचला येतात आणि सहाच्या आत जातात. तो वेल्डर साडेसहाला येतो."

"आणि बाई?"

"तीच तर गंमत. चपला येतात-जातात, बाई दिसत नाही. आवाज मात्र ऐकू येतो. रोज तेच. आलीस का गं, हात धुतलेस का, भाजी टाकू नकोस. मला पाठ झालंय."

"पोरगी काय उत्तर देते?"

काकांनी सुई दातांत धरून विचार केला. "उत्तर? नाही बुवा. पोरीचा आवाज कधी ऐकला नाही."

"झगा रोज वाळत असतो?"

"रोज, आणि तोच. आणि एक सांगू का, मी कापडातला माणूस. अंगात घातलेला कपडा कोपराला ताणतो, बसून बसून मागं चुरगळतो. हा नुसता धुवून धुवून विटलाय. महिन्याभरात तो कुणी अंगात घातलेला नाही."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. जाता जाता त्यांनी वाकून दारातली एक चप्पल उलटी केली. तळव्याला धुळीचा कण नव्हता.

३

बुधवारी वेल्डर वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर भेटला. हातात काळा चष्मा, भुवया जळलेल्या, आवाज चढलेला.

"कसल्या चपला? माझ्या दारात माझ्या आणि पोरीच्या, बस्स! तुम्ही कुठल्या घरी जाऊन आलात?"

"तुमच्याच. बायकी चपला, रोज दोन-अडीचला येतात, सहाच्या आत जातात. मी उलट्या करून बघितल्या."

तो उभा होता तो खाली बसला. मग म्हणाला, "बाई, ती इथं असती तर मी असा असतो का?" आणि खिशातून फोन काढून त्यानं एक चित्र दाखवलं. विमानाचं तिकीट होतं. बायकोच्या नावाचं, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेचं.

"चार वर्षांत पहिली रजा. पंधरा दिवसांची. तिथं एकाला एकदा, नंबर लावून मिळते. आणि तुमच्या पत्रापायी तिकडचा वाटाही अडकला. काल तिचा फोन आला. रजा दुसरीला दिली, तिकीट परत केलं, जादा पाळ्या घेतल्या. पोरीची फी, घराचं भाडं, कशावर भागवायचं?"

"मी लवकर अहवाल दिला तर..."

"तिकडचं मोकळं व्हायला सहा महिने लागतात, मी विचारून आलोय. आणि रजेचा नंबर परत दीड वर्षानं. बसा आता टाळ्या पिटत!"

शिक्का साहेबांचा असला, तरी तिकडचं पत्र बाईंच्याच हातानं गेलं होतं.

"पोरीला माहितीये हे?"

"तिला तिकिटाचंच माहीत नाही." वेल्डरनं तोंड फिरवलं. "आईनं दोनदा 'येते, येते' म्हटलं आणि आली नाही. दुसऱ्या वेळी पोर आठवडाभर नीट जेवली नाही. म्हणून ठरवलं होतं, या खेपेला सांगायचंच नाही. एकदम दारात उभी राहील तेव्हाच बघू दे."

मग त्यानं स्वतःच नाव घेतलं. "पत्र कुणी लिहिलं ते मला कळलंय. माझी ताई. पोर माझ्याकडे दे, मी सांभाळते, म्हणून दोन वर्षं मागं लागली होती. मी नाही म्हटलं. पोर जिच्याकडे, मदत तिच्या हातात. काल रात्रीच तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावून आलो. म्हटलं, मेलो तरी तोंड दाखवू नकोस."

"पुरावा?"

"तिची पाळी दोनला सुटते. चपला दोनला येतात. आणखी काय पाहिजे?"

बाईंना मान्य करावं लागलं, की हिशेब जुळत होता.

४

कार्यालयाच्या फाटकाशी छत्री ठोकून बसणारा अर्जवाला म्हणजे चालतं-बोलतं नियमांचं पुस्तक. 'सदर', 'सबब', 'परदेशस्थ पालक' ही भाषा त्याच्याइतकी कुणाला येत नसे. म्हणून गुरुवारी सकाळी बाईंनी पत्राची नक्कल आधी त्याच्यापुढे धरली.

त्यानं नाकावरचा चष्मा सावरला. "बाई, माझ्यावर संशय? हा माणूस माझं गिऱ्हाईकच नाही. चार वर्षांत एक अर्ज माझ्याकडून भरून घेतला नाही पठ्ठ्यानं. आणि हे मी लिहीन होय? ज्यानं लिहिलं तो एक नंबरचा अडाणी."

"का?"

"कलम नऊ म्हणे! दोन्ही पालकांना समक्ष बोलावणं कधीच गेलं. तुमच्या नव्या अर्जावर मागं स्वच्छ छापलंय: परदेशस्थ पालकाला हजेरीतून सूट, लेखी खुलासा पुरे. जुना अर्ज गेल्या वर्षी संपला. माझ्याकडचे गठ्ठे मी रद्दीत घातले."

हे आपल्याला पहिल्याच वाचनात खटकायला हवं होतं, असं बाईंना वाटलं. ती सूट मिळावी म्हणून त्यांनीच तीन वर्षं टिपणं लिहिली होती. एका हजेरीपायी गरिबांनी विमानाचं भाडं का भरावं, असा त्यांचा सवाल होता. इतक्या वर्षांत तेवढं एक काम आपण धड केलं, असं त्या मानत.

"म्हणजे लिहिणाऱ्यापुढे जुना अर्ज होता," त्या म्हणाल्या.

"जुना, आणि तो नीट मागून-पुढून वाचलेला. अर्जाची मागची बाजू कोण वाचतं हो? मी, तुम्ही, आणि हा तिसरा कोणीतरी."

वेल्डरची ताई, म्हणजे पोरीची आत्या, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. उंचीला दारापर्यंत, दंड पुरुषी. बाईंना बघून ती चादरींचा ढीग तसाच सोडून बाहेर आली.

"माझ्या भावानं पाठवलं का? सांगा त्याला, मी अजून मेलेली नाही."

"पोर तुम्ही मागितली होती?"

"मागितली होती! का नाही मागणार? दुपारी दोनपासून साडेसहापर्यंत ती घरात एकटी. भिंतींशी बोलते का काय करते, देव जाणे. आणि मदतीचं म्हणाल तर ती भावाच्याच नावावर राहू दे म्हटलं होतं मी. ते नाही सांगितलं त्यानं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "लहानपणी याला कडेवर घेऊन हिंडले. आता म्हणतो तोंड दाखवू नकोस. बरोबर आहे. लहान होता तेव्हाच टाकून द्यायला हवा होता."

बोलता बोलता तिचे हात थांबत नव्हते. दोरीवरची चादर तिनं झटकली, मधोमध टाकली, खालच्या कडा जमिनीपासून वीतभर वर राहतील इतकी ओढून घेतली आणि चिमटा मारला. सगळं न बघता.

बाई त्या चादरीकडे बघतच राहिल्या. त्यांना एकदम वेल्डरच्या दारातली दोरी आठवली. मग जे कळलं ते त्यांना अजिबात कळायला नको होतं.

५

शुक्रवारी, अहवालाच्या दिवशी, अडीच वाजता बाई गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. पोर शाळेतून आली. कुलूप उघडून आत गेली आणि बाहेर येऊन चपलांचा जोड दारात मांडला. मग ओला झगा आणला, टाचा उंच करून दोरीवर टाकला. खालची कड धुळीत लोळत होती. शेवटी आतून आवाज आला, "आलीस का गं?"

"आले," बाई दारातून म्हणाल्या. "आत येऊ का?"

पोरीनं फोन पाठीमागं लपवला.

"राहू दे. आईनं पाठवलेले निरोप आहेत ना? साठवून ठेवलेले." बाई छोट्या खाटेवर बसल्या. "शिंपीकाका म्हणाले, आवाज येतो पण उत्तर कधी येत नाही. रोज तेच बोलणं. जिवंत माणूस काही रोज शब्दाला शब्द तेच बोलत नाही. आणि चपलांच्या तळव्याला धूळ नाही. झगा नुसता धुतला जातो, घातला जात नाही. म्हणजे आई आलेली नाही. पण ती आलीये असं कुणाला तरी दाखवायचंय."

पोर भिंतीला टेकून उभी होती.

"तुझे बाबा म्हणाले, आत्यानं केलं. पण आत्या कपडे धुवायचंच काम करते. तिच्या हातून झग्याची कड धुळीत लोळेल का? तिचे हात वरच्या चौकटीला लागतात, ती दोरी एवढी खाली कशाला बांधेल? ही दोरी ज्यानं बांधली त्याचा हात तिथवरच पोचतो." बाईंनी पोरीच्या डोक्याकडे बोट केलं. "राहिलं पत्र. अर्जवाल्यानं लिहिलं असतं तर नवा नियम लिहिला असता. हे लिहिणाऱ्यापुढे गेल्या वर्षीचा अर्ज होता. तो कुणाच्या घरी असणार? ज्यांनी भरला त्यांच्याच. आणि अर्जात एका चौकटीत एकच अक्षर लिहायचं असतं ना? ती सवय लागलेल्या माणसानं कोऱ्या कागदावरही अक्षरं तशीच सुटी लिहिली. मला वाटलं, कुणी अक्षर लपवतंय. घरातले अर्ज कोण भरतं गं?"

"मीच," पोर म्हणाली. "बाबांना अर्ज बघितला की घाम फुटतो. दुसरीपासून मीच भरते. आधी आई फोनवरून सांगायची. आता मला येतं."

"आणि महिन्यापूर्वी बाबांबरोबर यंदाचा अर्ज द्यायला कार्यालयात आलीस."

"यंदा खिडकीतल्या बाईंनी स्वतःच लिहून घेतला. त्या म्हणाल्या, अर्ज बदललाय. मला हातात दिलाच नाही. तेव्हा जिन्याखाली पेटी बघितली. मग घरी येऊन आधी चपला मांडायला लागले. पत्र लिहिलं आणि खोटं निघालं तर तुम्ही रागवाल ना? म्हणून आधी महिनाभर खरं केलं. पत्र मग शाळेतून येताना टाकलं."

"कशासाठी, बाळ?"

पोरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढी मोठी बाई आणि एवढं कळत नाही! "दोन्ही पालक समक्ष. मागं छापलंय. तक्रार आली की दोघांना बोलवायलाच लागतं. आई म्हणते, यायला कारण लागतं, कारणाशिवाय सोडत नाहीत. सरकारनं बोलावलं तर सोडतील ना?" आणि मग, एकदम हळू, "कधी बोलावताय?"

बाईंनी आयुष्यात पुष्कळ घरांत पुष्कळ वाईट बातम्या सांगितल्या होत्या. ही सांगण्याआधी त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही बोलवत आता. तो नियम बदलला. आईला लिहून कळवलं तरी चालतं."

"कुणी बदलला?"

"आम्हीच."

पोर रडली नाही. रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मग तुम्ही आधी सांगायचं ना."

"पत्राचं मी कुणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "अहवालात लिहिते, तक्रार निनावी, खोटी, लिहिणारा कोण ते कळलं नाही. बाबांनाही नाही सांगणार." तिकिटाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ते गिळूनच घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून वेल्डरची सायकल वाजली. साडेसहाला येणारा माणूस आज चारच्या आत आला होता.

६

पोर बाहेर धावली, झगा आणि चपला कवटाळून आत आली आणि सगळं खाटेखाली सारलं. वेल्डर आत आला तेव्हा ती जागच्या जागी उभी होती.

"बरं झालं, बाई, इथंच सापडलात. आत्ता तुमच्याच कार्यालयातून येतोय." त्यानं घडी घातलेला एक छापील नमुना काढला. "आजच्या आज खुलासा द्या म्हणाले. पोरी, पेन आण. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

"खुलाशाचं मी बघते," बाई घाईनं म्हणाल्या. "तुम्ही नुसती सही करा. अहवाल तुमच्या बाजूनंच आहे. तुमची बायको इथं आलेलीच नाही, हे मी लिहून देते."

"नाही, नाही. मला सगळं रीतसर हवंय. लिही गं." पोरीनं मांडी घालून नमुना पुढ्यात घेतला. वेल्डरनं वाकून बोट ठेवलं. "हे बघ. तक्रारदार कोण असावा, संशय असल्यास नाव. लिही आत्याचं नाव."

पेन हललं नाही.

"लिही म्हणतो ना!"

"आत्यानं नाही लिहिलं पत्र."

"तुला काय माहीत? तुला काय माहितीये तिनं काय केलंय ते?" वेल्डरचा आवाज फाटला. तीन दिवस दाबून ठेवलेलं आता त्याच्याच्यानं आवरेना.

"ऐका, थांबा," बाई उठल्या. "पोरीसमोर नको."

"का नको? कळू दे तिलाही! तुझी आई येणार होती. वीस तारखेला. तिकीट होतं माझ्या हातात! तुला सांगितलं नाही, म्हटलं आई दिसेल तेव्हाच बघ. ते तिकीट गेलं या एका पत्रापायी. रजा गेली. आता दीड वर्ष नाव काढायचं नाही. ज्यानं कुणी ते लिहिलं ना, त्याचं कधी भलं व्हायचं नाही. त्याला पण असंच वाट बघत बसायला लागू दे!"

"पुरे!" बाई ओरडल्या. त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की समोर शिंप्याचं मशीन थांबलं. "पुरे करा, अहो. आपण काय बोलतोय ते तुम्हाला कळत नाहीये."

वेल्डर त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्यानं तळव्यांनी डोळे चोळले. पोर नमुन्यावर वाकली होती. तिनं लिहिलं आणि कागद बापापुढे सरकवला.

"सही करा," ती म्हणाली.

सही करायला त्यानं कागद उचलला आणि सवयीनं एकदा वरून नजर फिरवली. नजर संशयाच्या रकान्यापाशी थांबली. तिथं एकच अक्षर होतं: मी.

"हे काय लिहिलंस? आत्याचं नाव सांगितलं ना तुला?"

पोरीनं मान हलवली. वेल्डरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्याला सगळं कळलं. तो खाटेच्या कडेवर बसला. मघाशी बोललेला एकेक शब्द तो मनात परत उचलत असावा, पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

"मला वाटलं, दोघांना बोलावतात," पोर म्हणाली. "बाबा, तिकीट परत काढता येतं ना?"

बाई दाराकडे बघत होत्या.

"येतं," बाप शेवटी म्हणाला.

"कुठल्या तारखेचं?" पोरीनं विचारलं. पेन अजून तिच्या हातात होतं.